गड पाहायला येणारी माणसं

(आपल्या सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा नीटनेटका केला आहे, पण बोलण्याची पद्धत बोलतानाची होती तशीच ठेवली आहे.)



सेक्रेटरींनी मला फोन केला आणि म्हणाले, "काका, तुम्ही पंधरा मिनिटं बोला. विषय तुमचाच, किल्ले." मी म्हटलं, "बाबा रे, मी बँकेतला माणूस. मला व्याजाचा हिशेब विचार, इतिहासावर बोलणारी विद्वान माणसं वेगळी." तर म्हणाले, "येत्या जानेवारीत सोसायटीची सहल राजगडला नेतोय. लहान मुलं आहेत बरोबर. जाण्याआधी त्यांना कुणीतरी काही सांगायला हवं." तेव्हा मी हो म्हटलं. त्यात माझा थोडा स्वार्थही होता. गेली पन्नासहून जास्त वर्षं एक गोष्ट मनात आहे, ती चारचौघांत सांगून टाकायची होती. ती शेवटी सांगतो. म्हणजे तोपर्यंत कुणी उठून जाणार नाही! (हशा)

तर आज मी गडांचा इतिहास सांगणार नाही. तो आपल्या भोर-वेल्ह्यातल्या प्रत्येक पोराला आईच्या दुधाबरोबर मिळालेला असतो. तोरणा घेतला, तिथे धन सापडलं असं सांगतात, मग मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभा राहिला, पंचवीसएक वर्षं तिथून स्वराज्याचा कारभार चालला, सईबाईसाहेब तिथेच गेल्या, राजाराम महाराज तिथेच जन्मले. हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. मी बोलणार आहे ते गड ओस पडल्यानंतर तो पाहायला आलेल्या माणसांबद्दल. पडलेल्या भिंती, कोरडी टाकी, गवतात लपलेले चौथरे, हे बघायला माणूस एवढा डोंगर का चढतो? आणि वर जाऊन काय करतो?

आपल्याला वाटतं हे ट्रेकिंगचं खूळ नवीन आहे. तसं नाही. पडकी ठिकाणं बघत हिंडण्याची हौस फार जुनी आहे. इजिप्तमध्ये नाईल नदीकाठी दोन प्रचंड दगडी पुतळे बसलेले आहेत. रोमन लोकांच्या काळी ते दीड हजार वर्षांचे जुने झाले होते. त्यातला एक पहाटे आवाज करतो अशी ख्याती होती, म्हणून दुरून लोक ऐकायला यायचे. इ.स. १३० मध्ये खुद्द रोमचा सम्राट हेड्रियन येऊन गेला. आणि आलेल्या पाहुण्यांनी काय केलं? त्या पुतळ्याच्या पायांवर आपापली नावं कोरली. ग्रीक आणि लॅटिनमधले असे शंभराहून जास्त लेख आजही तिथे आहेत. म्हणजे 'अमुक अमुक येथे येऊन गेला' हा आजार दोन हजार वर्षांचा आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्याकडे सातव्या शतकात चीनहून ह्युएनत्संग आला. इ.स. ६२९ च्या सुमारास निघाला आणि ६४५ मध्ये परतला. आपल्या महाराष्ट्रातही तो पुलकेशीच्या राज्यात येऊन गेला. बुद्धाच्या पायाची धूळ जिथे जिथे लागली तिथे तो गेला, तर कपिलवस्तू, श्रावस्ती ही मोठमोठी नगरं ओसाड पडलेली. त्याने काय केलं? कुठे कोणता विहार होता, कुठे किती भिंत उरली आहे, हे सगळं लिहून ठेवलं. पुढे बाराशे वर्षांनी इंग्रज संशोधक ती जुनी ठिकाणं शोधायला निघाले, तेव्हा त्याचंच पुस्तक त्यांनी वाटाड्या म्हणून वापरलं. म्हणजे बघा, एका प्रवाशाने दगडावर नाव टाकलं आणि दुसऱ्याने दगडाबद्दल लिहून ठेवलं. दोघेही पाहुणेच, पण मागे ठेवलेली ठेव किती वेगळी!

आता आपल्या घराकडे येऊ.

तोरणा-राजगडाचं पहिलं तपशीलवार वर्णन लिहिणाऱ्यांत आपल्या शत्रूची माणसं आहेत, हे ऐकून मुलांना गंमत वाटेल. १७०४ साली औरंगजेबाने हे दोन्ही किल्ले घेतले. त्याच्या राजवटीचा इतिहास साकी मुस्तैदखानाने लिहिला. त्यात राजगडाचा घेर बारा कोसांचा आहे, असं तो सांगतो. इतका मोठा आणि इतका अवघड डोंगर पाहून तो लिहिणारा चकित झालेला आहे, हे वाचताना कळतं. बादशहाने राजगडाचं नाव बदललं, तोरण्याचंही बदललं, तोरण्याला 'फुतुहुल्गैब' म्हटलं. पण थोड्याच काळात गड परत मराठ्यांकडे आले आणि ती नावं कागदावरच राहिली. वेल्ह्यातल्या एखाद्या आजीला जाऊन विचारा फुतुहुल्गैब कुठे आहे. ती म्हणेल, "कंच्या गावचं पावनं म्हनायचं?" (हशा)

पुढे हा मुलूख पंतसचिवांच्या भोर संस्थानात राहिला. संस्थानाने आपल्या तालुक्यांना नावंच किल्ल्यांची दिली होती. विचित्रगड म्हणजे आपला रोहिडा, राजगड, प्रचंडगड म्हणजे तोरणा, आणि तिकडे कोकणात सुधागड. आता २०२४ मध्ये सरकारने वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचं ठरवलं, तेव्हा आमच्या पिढीला वाटलं, अरे, हे तर आपलं जुनंच! संस्थान १९४८ साली विलीन झालं. राजवाडा मात्र आहे, १८६९ सालचा. तिथे आज सिनेमावाले जास्त येतात, इतिहासवाले कमी. येणारा पाहुणा आपल्याला विचारतो, "काका, ते शूटिंग झालं तो वाडा कुठे?" आपण पत्ता सांगतो. तोही एक प्रवासीच.

एकोणिसाव्या शतकात इंग्रज लोक आपल्या देशातली जुनी ठिकाणं बघत फिरू लागले. वेरूळ, अजिंठा, कार्ले इथे खूप गेले. पण आपल्या भागात फार थोडे आले. याचं कारण सोपं आहे. कार्ल्याच्या जवळ रेल्वे गेली. आपल्याकडे रेल्वे आजही नाही! पुण्याहून निघायचं, कात्रजचा घाट ओलांडायचा, मग बैलगाडी, मग पायपीट, आणि पावसाळ्यात गुंजवणी, कानंदी, नीरा आडव्या. राहायला बंगला नाही. शिवाय मुलूख संस्थानी, साहेबाच्या थेट अंमलाखालचा नाही. त्यामुळे इथे यायचा तो मुद्दाम ठरवूनच यायचा.

अशा मुद्दाम आलेल्यांत जेम्स डग्लस याचं नाव घेतलं पाहिजे. मुंबईत व्यापार करणारा हा गृहस्थ. सरकारी अधिकारी नाही, प्राध्यापक नाही, आपल्यासारखाच हिशेबाच्या दुनियेतला, म्हणून मला तो जवळचा वाटतो. सिंहगडाला त्याने सिंहाच्या गुहेची उपमा दिली आणि तोरण्याला गरुडाच्या घरट्याची. ती उपमा आज वेल्ह्याच्या एसटी स्टँडवरचा गाइडसुद्धा सांगतो, पण ती कुणाची हे सांगत नाही. या डग्लसने १८८३ साली आपल्या पुस्तकात रायगडावरच्या महाराजांच्या समाधीची दुर्दशा लिहिली. झाडं उगवलीत, कुणी लक्ष देत नाही. एका परक्या माणसाने ते लिहिलं आणि ते आपल्या लोकांना झोंबलं. सभा झाल्या, पैसे जमवायचं ठरलं. १८९५ साली लोकमान्यांच्या पुढाकाराने पुण्यात हिराबागेत मोठी सभा झाली आणि पुढच्या वर्षी रायगडावर शिवजयंतीचा उत्सव झाला. या सगळ्याच्या मागे बारकाईने पाहिलं तर एक पर्यटक आहे, ज्याने पाहिलं आणि गप्प बसला नाही.

त्यानंतर आपली माणसं गड पाहायला निघाली. चिंतामण गंगाधर गोगटे यांनी शंभरहून जास्त वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या किल्ल्यांवर मराठीत पुस्तक लिहिलं. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं आणि कागदपत्रांबरोबर ठिकाणंही तपासली जाऊ लागली. मग आमच्या तरुणपणी दोन माणसांनी आम्हाला वेड लावलं. एक बाबासाहेब पुरंदरे आणि दुसरे गोनीदा, म्हणजे गो. नी. दांडेकर. गोनीदांचा राजगडावर विशेष जीव. त्यांची 'वाघरू' कादंबरी त्याच गडावरची. त्यांनी आम्हाला एक गोष्ट शिकवली. गडावर फक्त महाराज बघू नका, आज तिथे राहणारा, गुरं चारणारा, देवीला दिवा लावणारा माणूसही बघा.

आणि खरं सांगायचं तर गडावर सर्वांत आधी, सर्वांत जास्त वेळा आणि कुणालाही न सांगता जाणारी माणसं तीच. तोरण्यावर मेंगाईदेवी आहे, राजगडावर पद्मावती आहे, रायरेश्वरावर महादेव आहे. साहेब आला नव्हता आणि ट्रेकर जन्माला आला नव्हता तेव्हाही खालच्या गावातल्या बाया नवरात्रात माळ घेऊन वर जात होत्या. त्यांनी प्रवासवर्णन लिहिलं नाही, म्हणून त्यांची नोंद नाही. पण गड जिता राहिला तो त्यांच्यामुळे. देवळात दिवा लागतो ते ठिकाण कितीही पडलं तरी त्याला ओसाड म्हणता येत नाही.

इथे मला आपल्या वेळवंड खोऱ्याची आठवण होते. मी १९८३ ते ८७ भोर शाखेत फील्ड ऑफिसर होतो. आयआरडीपीचे दिवस. म्हशीला कर्ज, शेळ्यांना कर्ज, शिलाई मशीनला कर्ज. मोटरसायकलवर खोरीच्या खोरी पालथी घातली. भाटघर धरण आपल्या सर्वांना पिकनिक स्पॉट म्हणून माहीत आहे. आताचं धरण १९२८ साली पुरं झालं. पाणी नीरेच्या कालव्यांनी खाली बारामती-फलटणकडे गेलं, तिथे ऊस पिकला, आणि वर आपल्या लोकांच्या जमिनी, घरं, देवळं पाण्याखाली गेली. कांबरे गावचं जुनं शिवमंदिर, कांबरेश्वर, असंच पाण्यात आहे. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी उतरलं की ते वर येतं आणि पाऊस सुरू झाला की पुन्हा बुडतं. आजकाल मे महिन्यात पुण्याच्या गाड्या तिथे लागतात, लोक फोटो काढतात.

मी एकदा वसुलीला गेलो असताना एक म्हातारे गृहस्थ त्या देवळाच्या बाजूच्या चिखलात उभे होते. फोटोबिटो काही नाही. नुसते उभे. मी विचारलं, "आबा, काय बघताय?" तर हाताने दाखवत म्हणाले, "माझ्या आज्याचं खळं हितं व्हतं म्हनत्यात." बस्स, एवढंच. मी वसुलीचं पुस्तक पिशवीत घातलं आणि त्या दिवशी त्या वाडीत हप्ता मागितला नाही. (बँकेतले कुणी असतील तर क्षमस्व. पुढच्या महिन्यात मागितला!) आपण ज्याला अवशेष म्हणतो ते कुणाचं तरी घर असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

आता नावांकडे येतो. मघाशी म्हटलं होतं ना, लक्षात ठेवा म्हणून.

अजिंठ्याची लेणी इंग्रजांना सापडली १८१९ साली. जॉन स्मिथ नावाचा लष्करी अधिकारी शिकारीला गेला होता. दहाव्या लेण्यात तो शिरला आणि एका खांबावर, बोधिसत्त्वाच्या चित्रावरच, त्याने आपलं नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख खरवडली. आज ते नाव आपल्या डोक्याच्या बरंच वर दिसतं, कारण तेव्हा लेण्यात कित्येक फूट राडारोडा साचलेला होता आणि तो त्यावर उभा होता. पुढे राडारोडा निघाला, चित्रं उजेडात आली आणि स्मिथचा ओरखडाही उजेडात आला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ज्या माणसांनी तो डोंगर कोरला त्या कारागिरांची नावं आपल्याला माहीत नाहीत. स्मिथचं माहीत आहे. हा केवढा अन्याय!

मुलांनो, आता मला सांगा. बी विंगच्या लिफ्टमध्ये किल्लीने नाव कुणी कोरलंय? (हशा, मागे गडबड) नको, नको, नाव सांगू नका. नाव तर लिफ्टमध्ये आहेच. कमिटीने नोटीस लावली, चार जणांच्या आयांना बोलावलं. मीही त्या मीटिंगला होतो. सगळे रागावून बोलत होते आणि मी एकटा गप्प होतो. सेक्रेटरींनी मला नंतर विचारलंही, "काका, तुम्ही काहीच बोलला नाहीत?" त्याचं उत्तर आज देतो.

१९७२ सालचा डिसेंबर. मी वीस वर्षांचा, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. त्या वर्षी दुष्काळ होता. रस्त्यांची, नाल्यांची दुष्काळी कामं चालू होती, बायका-पुरुष खडी फोडत होते. आम्ही चौघे मित्र स्वारगेटवरून एसटीने मार्गासनीला उतरलो, साखरवरून चालत गुंजवण्याला गेलो आणि चोरदरवाजाने राजगडावर चढलो. वर पद्मावतीच्या देवळात मुक्काम. दुसऱ्या दिवशी बालेकिल्ला, सुवेळा माचीचं नेढं, संजीवनी माची, सगळं पाहिलं. छाती भरून आली होती. घोषणा देऊन घसे बसले होते. आणि निघताना आमच्यातल्या एकाने पिशवीतून पांढऱ्या ऑइलपेंटचा छोटा डबा आणि ब्रश काढला. त्या काळी ती फॅशनच होती. पद्मावती तळ्याच्या भिंतीत एक छान सपाट दगड होता. त्यावर आम्ही चौघांनी नावं लिहिली. माझं अक्षर चांगलं, म्हणून चारी नावं मीच लिहिली. खाली '१९७२' घातलं आणि त्याच्याखाली 'जय शिवाजी'. म्हणजे महाराजांच्या दगडावर रंग फासायचा आणि खाली महाराजांचाच जयजयकार करायचा. आम्हाला त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही, उलट मोठं काम केलं असं वाटलं. पाण्यासाठी लोक तडफडत होते अशा वर्षी आम्ही ब्रश धुतला तोही त्याच तळ्याच्या पाण्यात.

त्यानंतर नोकरी, लग्न, बदल्या. बारा वर्षांनी, १९८४ साली, कर्जाच्या पाहणीसाठी गुंजवण्याच्या बाजूला गेलो होतो. एका कर्जदाराला म्हैस दिली होती. म्हैस बघायची, तिच्या कानातला बिल्ला तपासायचा आणि शेरा मारायचा, हे आमचं काम. घरी गेलो तर म्हणाले, जनावरं वर माचीवर चरायला नेलीत. म्हातारबांबरोबर मी वर निघालो. साठी ओलांडलेला माणूस, पायात काही नाही, आणि मी मागे धापा टाकतोय. वर पोचलो, म्हैस पाहिली, बिल्ला पाहिला. येताना तळ्यापाशी पाणी प्यायला थांबलो. तर ते त्या दगडाकडे बोट करून मला म्हणाले,

"सायेब, तुमी शिकल्यालं. ह्यो दगुड वाचा बरं. जंगलखात्याची खून हाय का सरकारची? आमी लई वरीस इचारतोय. हितं कुंपान तर न्हाई ना घालायचं?"

मंडळी, माझ्या तोंडचं पाणी पळालं. बारा वर्षं त्या माणसाने आणि त्याच्या वाडीने माझं नाव सरकारची खूण समजून पाहिलं होतं. आपली गुरचराई जाणार, या भीतीने. वरचं धरण, खालचा कालवा, कुठे पांढऱ्या रंगाचा फराटा दिसला की आपलं काहीतरी जातंच, हा त्यांचा पिढ्यांचा अनुभव होता. आणि आम्ही हौस म्हणून फराटा मारला होता.

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "काही नाही आबा, कुणा पुण्याच्या पोरांनी चावटपणा केलाय. नावं आहेत नुसती." त्यांना हायसं वाटलं. हसले. आणि म्हणाले,

"नावंच सांगायची व्हती तर गावात यिऊन सांगायची की. च्या पाजला असता."

मी हसलो. खाली आलो. त्यांच्याकडे चहा प्यालो. त्यांनी माझं नाव विचारलं, तर मी नुसतं 'बँकेचा साहेब' म्हणालो. नाव सांगितलं नाही. कारण त्यांच्या नातवाला वाचता येत होतं.

ही ती गोष्ट. त्या म्हातारबांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. पुढे मी तीनदा राजगडावर गेलो. पहिल्या दोन वेळेला तो रंग होता, फिकट झालेला, पण माझं अक्षर मला ओळखू येत होतं. तिसऱ्या वेळी, २०१६ साली, नात बरोबर होती. तळ्यापाशी आल्यावर मी तिला मुद्दाम दुसऱ्या वाटेने नेलं. चौसष्टाव्या वर्षी नातीपासून तोंड लपवावं लागलं. म्हणून लिफ्टच्या मीटिंगमध्ये मी गप्प होतो. माझी नात आज समोर बसली आहे. तिलाही हे आजच कळतंय.

आता थोडं व्यवहाराचं बोलतो आणि संपवतो.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. त्यात आपला राजगड आहे. आपल्याला अभिमान वाटला, पेढे वाटले, योग्यच आहे. पण यादीत नाव आलं की गर्दी वाढते. पूर्वी अवघड वाट हीच गडाची राखण होती. आता गाडी पायथ्यापर्यंत जाते. रविवारी चोरदरवाजाच्या वाटेवर रांग लागते. वर जाणारं प्रत्येक माणूस एक पाण्याची बाटली नेतं आणि खाली येताना हात मोकळे असतात. ती बाटली कुठे जाते, हे सांगायला नको. गडावरचं पाणी टाक्यांचं आणि तळ्यांचं, तेच माणसांचं आणि तेच गुरांचं. त्यात पाय धुवायचे नाहीत, साबण लावायचा नाही.

दुसरं. नावं दिसली म्हणून आपण उत्साहाने तारेचा ब्रश घेऊन घासायला बसू नये. मलाही तेच करावंसं वाटलं होतं. पण जाणकारांनी सांगितलं की तारेच्या ब्रशाने आणि ॲसिडने दगडाचा वरचा थर जातो, रंगापेक्षा जास्त नुकसान होतं. राजगड राज्य संरक्षित स्मारक आहे. तिथे काहीही करायचं तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीने आणि देखरेखीखाली. कितीतरी दुर्गप्रेमी संस्था तशी रीतसर परवानगी काढून काम करतात. आपल्या तरुणांनी त्यांच्यात सामील व्हावं.

तिसरं. खालच्या गावात थांबा. ताक प्या, पिठलं-भाकरी तिथेच खा, घासाघीस करू नका. ज्यांच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी देवीचा दिवा विझू दिला नाही, त्यांच्या दारावरून नुसती गाडी हाकू नका. आणि हो, आपलं नाव सांगा. ते विचारतातच, "कुठलं पाव्हनं?" नाव सांगायची जागा ती आहे. चहा मिळतो.

आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर गड ही मुदत ठेव आहे आणि आपण त्या खात्याचे खातेदार नाही. फार तर नॉमिनी. सांभाळायचं आणि पुढच्याच्या हातात द्यायचं.

शेवटची गोष्ट. मागच्या आठवड्यात मी पुरातत्त्व खात्याला एक अर्ज पोस्टाने पाठवला आहे. रजिस्टर्ड, पोचपावतीसह, जुनी सवय. त्यात तळ्याच्या कोणत्या बाजूला, कोणत्या दगडावर, कोणत्या साली, कोणत्या रंगाने आणि कोणी लिहिलं, हे सगळं नमूद केलं आहे. खाली सही केली आहे आणि रंग काढायचा खर्च माझ्याकडून घ्यावा असं लिहिलं आहे. चौघांपैकी दोघे आता नाहीत. तिसऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, "माझंही नाव टाक." टाकलं. उत्तर काय येईल ते येवो. जानेवारीतल्या सहलीला गुडघे साथ देतील तितकं मी येणार आहे. निदान गुंजवण्यापर्यंत तरी येईन. त्या म्हातारबांचं घर मला माहीत आहे. तिथे त्यांचा नातू असतो, आता तोही पन्नाशीचा झाला असेल. त्याला जाऊन माझं नाव सांगायचं आहे.

बी विंगच्या चौघांनो, लिफ्टचा पत्रा आपण रविवारी मिळून रंगवू. रंग मी आणतो. ब्रश धरायची मला सवय आहे! (हशा)

 पंचवीस वर्षांपूर्वी या जागेवर भाताचं खाचर होतं. ते कुणाचं होतं हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे, तेही एकदा एकमेकांना विचारून घेऊ. जय महाराष्ट्र.